आणखी एक मुलगा असता तर

हे मी घरात कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, मुलालाही नाही. तुम्हाला सांगते — सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते.

नव्व्याण्णव साल. तिकडे डोंगरावर लढाई लागलेली आणि इथे अंबरनाथला जिकडेतिकडे एकच बोलणं. टीव्हीवर तेच, पेपरात तेच, चौकातल्या फळ्यावरही तेच — जवानाची आई रडत नाही. नुसता वीट आला होता. सगळ्यांना एकच वाक्य कसं सुचतं? कुणीतरी वाटत असणार, रेशनसारखं. तेव्हा मला हे कळत नव्हतं म्हणू? कळत होतं — त्याचाच तर वैताग आहे.

शेजारच्या सुमनताईंचा एकुलता एक मुलगा त्या डोंगरावर होता. सरकारी साहेब आवाज भरायचा टेप घेऊन आले, ताईंना नगरपालिकेच्या हॉलमध्ये बोलावलं. सोबतीला मी. ताई म्हणाल्या, "माझा पोरगा सुखरूप येऊ दे, डोंगर कुणाचा का राहीना."

साहेबांनी टेप थांबवला. "असं नको, आई. लोकांचा उत्साह जातो."

"मग तुमचा पोरगा पाठवा, उत्साह आणायला!" ताई तरातरा निघून गेल्या.

माझा चहा अर्धा राहिला होता. साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही बोला. लाजऱ्या बाईचा आवाज खरा वाटतो." वाक्य त्यांनीच शिकवलं — आणखी एक मुलगा असता, तर तोही दिला असता. माझा मुलगा एमआयडीसीत कामाला, रोज घरी जेवायला. तरी बोलले. भीतीने? नाही हो. माझं बोलणं कुणीतरी थांबून ऐकत होतं — ते गोड लागलं.

मग रिक्षाला भोंगा लावून आठवडाभर गल्लोगल्ली तेच. 'अंबरनाथच्या वीरमातेचे बोल.' माझा चढा आवाज कुणी कधी ऐकला होता, ओळखायला? ताईंनी विचारलं, "कोण गं ही बया? काळीज आहे की दगड?" मी मेथी निवडत राहिले.

बायका ताईंना टोमणे मारू लागल्या — बघा ती आई, आणि बघा तुम्ही! ताईंनी बोलणंच टाकलं.

ताईंचा मुलगा पेटीतून आला. दारात गर्दी, पेपरवाले, घोषणा. ताई रडल्या नाहीत. कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या, "आणखी एक मुलगा असता, तर तोही दिला असता."

शब्दाला शब्द.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताईंचा हात धरून उभी होते.