मागाच्या खोलीतला खोकला

आज घरी झालेला खर्च: भिंतीत बसवायचा एक्झॉस्ट पंखा तेराशे रुपये, बाहेरची जाळी नव्वद, बसवणाऱ्याची मजुरी दोनशे.

मैत्रिणींनो, आमच्या हातमागाच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद असतात. वारा लागला की रेशमाचा धागा तुटतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्याच बंद खोलीत खोकत खोकत गेले. म्हणूनच हा खर्च केला.

दुपारी पंखा सुरू केला, तर उन्हाच्या पट्ट्यात बारीक तंतूच तंतू उडताना दिसले. दोन धागे तुटले, तसे आमचे हे ओरडले, "बंद कर वो तो! दिवसभर गाठीच मारत बसू का?"

"तुटू द्या. छातीत काय जाऊन राहिलं, ते पाहा."

"तुह्या देवाचा धूर चालते, अन् माह्या मागाची धूळ चालत नाही का?" असं म्हणून त्यांनी हसत पंखा बंद केला.

रोज सकाळी मी तिथे धूप फिरवते, हे खरंच. मी स्वयंपाकघरात गेले.

तेवढ्यात मागाच्या खोलीतून खोकला ऐकू आला. दोन लहान, मग एक लांब, घरघरता, अगदी मामाजींचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणते मामाजी, गरम पाणी."

माग थांबला. खोकणारे तर हे होते.

उद्या यांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेते. धूप आता अंगणात, तुळशीपाशीच. पण घरी माग असलेल्या बायांनो, धागा न तुटता तुम्ही हवा कशी खेळती ठेवता? आजच उत्तर कळवा. माग पुन्हा सुरू झाला आहे, आणि खिडकी बंदच आहे.