जाड मिरच्यांचा बर्गर

आजारपणानंतर यांच्या जिभेला चवच कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी रोज विचारते, "काही लागतंय का?" आज यांच्या आवडीचा बर्गर केला. पावात बटाट्याची टिक्की आणि वर तव्यावर परतलेल्या मिरच्या. तिखट लवंगी मिळाली नाही, म्हणून भज्यांच्या जाड मिरच्या घातल्या. ते सांगायचं राहिलं.

पहिल्याच घासाला हे "स्स, हाय" करू लागले. "अगं, मारतेस का काय? पाणी आण!"

मला केवढा आनंद झाला. मग मी माझा घास चावला. मिरची अगदी पाणचट होती.

इतकी वर्षं एका घरात राहून माणसं एकमेकांपासून काय काय लपवतात! "जरा तिखटच झाल्यात," म्हणत मी तांब्या पुढे केला. तहान नसताना, माझ्यासाठी, हे सगळं पाणी प्यायले.