मोदकपात्रावरची टोपी

आमच्या घरात मोदकपात्रं दोन आहेत. एकात मोदक होतात. दुसऱ्यावर फक्त माझी टोपी वाफवली जाते. गणपतीत घोळ नको म्हणून त्या दुसऱ्याच्या झाकणावर नवऱ्याने मार्करने काळी फुली मारून ठेवली आहे. टोपीच्या बाबतीत तो पहिल्यापासून फार दक्ष होता. एवढा दक्ष का, हे मला उशिरा कळलं आणि ते कळल्यापासून ती फुली दिसली की माझं डोकं फिरतं.

टोपी म्हणजे काउबॉय हॅट. इथल्या लोकांना हा शब्द फारसा रुचत नाही, पण टूनगॅबी या आमच्या उपनगरातल्या मराठी कंपूत रुंद काठाची कुठलीही टोपी काउबॉयचीच. ती माझ्याकडे कशी आली ते सांगायचं तर आधी नोकरीचं सांगायला हवं.

मी सिव्हिल इंजिनिअर. लग्नाआधी कालव्याच्या कामावर होते, हेल्मेटखाली ओढणी गुंडाळून दिवसभर उन्हात. लोक म्हणायचे, काळी पडशील. पडले, आणि मजेत होते. इथे परदेशात आल्यावर पॅरामॅटाला एका सरकारी खात्यात लागले आणि तेव्हापासून दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग तपासते. इतक्या वर्षांत पूल पुष्कळ पाहिले, पण सगळे स्क्रीनवर. त्यातल्या एकाही पुलावर मी उभी राहिलेली नाही.

मागचा उन्हाळा संपताना, म्हणजे इथे फेब्रुवारीत, माझ्या मॅनेजरने मला बाजूला घेतलं. शहरांपासून लांब, देशाच्या आत, खूप आत, एका लहान गावात नदीवरचा जुना पूल पाडून नवा बांधायचा होता. दोन वर्षं साइट सांभाळायची. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार घरी. वरून मंजुरी यायची होती, पण नाव तो माझंच देणार होता. मॅनेजर स्वतः तसल्याच गावात वाढलेला. मी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि मग घाबरले, कारण घरी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी नवरा भेंडी चिरत होता. तो एका बँकेत आयटीत आहे, पॅरामॅटालाच, आणि आमच्याकडे भाजी तोच करतो. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "जा की. आम्ही दोघं बघू."

"अरे, नीट विचार कर. लेकीची शाळा, तुझ्या शिफ्टा..."

"अगं, केला विचार. किती वर्षं म्हणतेयस साइटवर जायचं. जा."

मी त्याला सुरीसकट मिठी मारली. त्या रात्री आमच्या कंपूतल्या बायकांना मेसेजही टाकला, माझा नवरा म्हणजे हिरा आहे वगैरे. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे आणि मला पुसवत नाही.

एप्रिलमध्ये लेकीचा नेटबॉलचा सीझन सुरू झाला. शनिवारी सकाळी तिला ग्राउंडवर नेणं हे नवऱ्याचं काम, कारण तेव्हा मी भाजी आणि धुणं उरकते. मॅनेजरची मुलगी लेकीच्याच टीममध्ये आहे. त्यामुळे दोघे बाप शनिवारी कडेला कॉफी घेऊन उभे. मला त्याचं बरंच वाटायचं, की आपली माणसं एकमेकांना ओळखतात.

टोपी आली ती जूनमध्ये, माझ्या वाढदिवसाला. हा क्रम मी मुद्दाम सांगतेय.

भला मोठा गोल खोका होता. "तिकडचं ऊन फार वाईट," नवरा म्हणाला. आत करड्या फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या केसांच्या जाड कापडाची टोपी, माथा घुमटासारखा गोल, कुठे खळगा नाही की घडी नाही. मला वाटलं, माल खराब लागला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, चांगली टोपी अशीच येते, आकार आपला आपण द्यायचा. किटलीच्या वाफेवर फेल्ट मऊ करायचं, बोटांनी दाबायचं, गार होईपर्यंत हलायचं नाही. आतली चामड्याची पट्टी बाहेर उलटून ठेवायची, नाहीतर वाफेने आकसते. ठेवताना उलटी, माथ्यावर. उचलायची काठाला धरून, पुढच्या चिमटीला, म्हणजे माथ्याच्या दाबलेल्या टोकाला, धरून कधीच नाही. आणि उन्हात तापलेल्या गाडीत तर कधीच ठेवायची नाही. हे सगळं सांगताना तो दोनदा माझी नजर चुकवून खिडकीबाहेर पाहत राहिला. मला वाटलं, गावाची आठवण आली असेल.

किटलीची वाफ मला पुरेना. म्हणून मी मोदकपात्र काढलं. चाळणी काढून ठेवली, पाणी उकळलं आणि टोपी वीतभर वर धरून फिरवत राहिले. फेल्ट मऊ झालं की ते हाताला लगेच कळतं, उकड कळते तसंच. मग मधोमध तळहाताच्या कडेने खळगा पाडला आणि पुढे दोन्हीकडून चिमटी घेतली. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हाताला हे अवघड नाही. नवरा गॅसपाशी उभा राहून आच कमीजास्त करत होता. "डावीकडची जरा खोल गेलीय," म्हणाला, आणि खरंच गेली होती.

नेमका सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी विचारलं, टोपी कशाची? लेकीने लगेच सांगून टाकलं, "रॅबिट फर, आजी."  सासूबाईंनी मला नाही, मुलाला विचारलं, "आणि त्याच भांड्यात माझ्या बाप्पाचे मोदक?" पुढच्या आठवड्यात दुसरं मोदकपात्र आलं आणि जुन्यावर फुली.

इथला सगळा हिवाळा, जून ते ऑगस्ट, मी त्या टोपीचे लाड केले. मऊ ब्रशने झटकायची, नेहमी एकाच दिशेने. डाग पडला तर स्पंजच्या कोरड्या तुकड्याने हलकेच घासायचा. रविवारी परसात घालून फिरायची, म्हणजे आतली पट्टी डोक्याच्या आकाराला येते. नवरा फोटो काढायचा. त्याला सगळे नियम पाठ झाले होते. कोणी पाहुण्याने टोपी चिमटीला धरून उचलली तर माझ्या आधी तोच म्हणायचा, "मेट, काठाला धर."

ऑफिसात मी मंजुरीचं विचारत होते. मॅनेजर म्हणायचा, अजून नक्की नाही. मग ऑगस्टमध्ये त्याने सांगितलं, ते काम तिकडच्याच ऑफिसातल्या एकाला दिलंय. मी घरी येऊन रडले. नवऱ्याने आलं घालून चहा केला, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "दुसरी संधी येईल गं. टोपी तर तयारच आहे."

हे वाक्य मी कितीदा आठवलंय. टोपी तर तयारच आहे.

सप्टेंबरच्या शेवटी नेटबॉलचा सीझन संपला आणि सगळ्या टीमचं पार्कात बार्बेक्यू झालं. मी हौसेने टोपी घालून गेले. मॅनेजर चिमटा घेऊन सॉसेजेस परतत होता. माझी कणसं त्याने एका कोपऱ्यात वेगळी ठेवली होती. टोपीकडे बघून म्हणाला, "गुड शेप. यू वुड हॅव बीन ग्रेट आउट देअर." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, पण फॅमिली फर्स्ट, मला समजतं, तुझ्या नवऱ्याने सगळं नीट समजावलं होतं.

मी विचारलं, "कधी?"

"ओह, राइट अॅट द स्टार्ट ऑफ द सीझन." तो कणीस उलटवत बोलत होता. नवऱ्याने त्याला सांगितलं होतं की तिला जायचं नाहीये, घर आणि मुलगी सोडून जमणार नाही, पण तुला तोंडावर नाही म्हणायचं तिला जड जातं. तेव्हा तू तिला विचारूच नकोस, आपोआप बारगळू दे. मॅनेजरला बिचाऱ्याला वाटलं, आपण हिची लाज राखतोय. "आय डिडन्ट वॉन्ट टू मेक अ थिंग ऑफ इट," तो म्हणाला. माझा चेहरा पाहिल्यावर मात्र त्याने चिमटा खाली ठेवला. "यू डिडन्ट नो," तो म्हणाला. ते विचारणं नव्हतं.

नवरा पलीकडे बर्फाच्या पेटीपाशी कुणाशी तरी हसत उभा होता. मला आधी राग आला नाही. मी हिशेब करत होते. सीझन एप्रिलमध्ये सुरू झाला. टोपी जूनमध्ये आली. म्हणजे टोपी विकत घेताना त्याला पक्कं माहीत होतं की हे डोकं त्या उन्हात कधी जाणार नाही. गॅसची आच धरताना माहीत होतं. डावी बाजू खोल गेलीय म्हणताना माहीत होतं.

गाडीकडे जाताना मी लेकीला विचारलं. ती चौदा वर्षांची आहे, मराठी समजते, उत्तर इंग्लिशमध्ये देते. "आय थॉट यू चेंज्ड युअर माइंड, मम. डॅड सेड नॉट टू ब्रिंग इट अप. ही सेड यू वेअर सॅड अबाउट इट." म्हणजे घरातल्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं की मी जाणार नाही. मला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. मी टोपी काढली आणि डिकीत घडीच्या खुर्च्यांच्या खाली कोंबली.

रात्रीच्या जेवणाआधीच आमचं काय ते बोलणं झालं. नवऱ्याने काहीच नाकारलं नाही. म्हणाला, "मला एकट्याने जमलं नसतं. खरंच नसतं."

"मग भेंडी चिरताना हे का नाही सांगितलंस?"

"तुला नाही म्हणायचं म्हणजे... सगळे काय म्हणतील, बायकोला अडवलं."

"म्हणून माझ्या नावाने नाही म्हणालास?"

तो जेवणाची ताटं मांडायला लागला. मी विचारलं, "टोपी का आणलीस?"

त्याने हातातलं ताट खाली ठेवलं. मग तो म्हणाला, "तू इतकी आनंदात होतीस. मला वाटलं, तेवढे दिवस तरी..."

याने भांडून मला अडवलं असतं तर मीही कंबर कसून भांडले असते, आणि कदाचित हरले असते. पण मला भांडू दिलंच नाही. मला फसवलं, चांगलं गोंजारून फसवलं, आणि वर मी जगभर त्याचं कौतुक करत फिरले.

सोमवारी मॅनेजरला सांगितलं, यापुढे माझ्याबद्दल जे काही असेल ते मलाच विचारायचं. त्याने माफी मागितली आणि ती खरी होती. पूल मात्र गेला तो गेलाच.

टोपी डिकीतच राहिली. मधे दोन-तीन दिवस चांगलंच तापलं. नंतर एकदा कामावरून घरी आले तर ती टेबलावर, माथ्यावर उलटी, नियमाप्रमाणे. काठ सरळ केलेला, आतली पट्टी ओढूनताणून बसवलेली. माथ्याला नवा खळगा, पुढे नवी चिमटी. फुलीचं मोदकपात्र ओट्यावर अजून कोमट होतं. नवरा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. काम सुबक होतं, माझ्याहून सुबक. पण याही वेळी त्याने मला विचारलं नव्हतं.

मी पात्रात पाणी ओतलं, गॅस पेटवला आणि त्याला म्हटलं, बाहेर जाऊन बस. फेल्ट मऊ झाल्यावर आत मूठ घालून त्याची चिमटी बाहेर ढकलली, खळगाही. माथा पुन्हा खोक्यातून आल्यासारखा गोल झाला. मग गार होऊ दिला आणि पुन्हा वाफ देऊन माझा आकार दिला, डावी बाजू जरा खोल ठेवून.

परवा दुसऱ्या एका गावातलं काम निघालं, याहूनही आत. मॅनेजरने थेट मला विचारलं. मी आधी अर्ज केला आणि मग संध्याकाळी घरी सांगितलं. लेक म्हणाली, "कूल." नवऱ्याच्या हातात सुरी होती, समोर भाजी.

"जा की," तो म्हणाला. "आम्ही दोघं बघू."

शब्द तेच, आवाजही तसाच, प्रेमळ. मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो खरं बोलत असेलही. पण ते आता मला ओळखता येत नाही.