टाळी वाजेपर्यंत

फोन वाजत होता तेव्हा मिलिंद माझ्या कानात बोलत होता. हेडफोन लावून मी आमच्या शेवटच्या शूटिंगचा आवाज चित्राशी जुळवत बसले होते, आणि तो आईला म्हणत होता, "घाई नको करू न आई, मी काय पळून चाललो?" फोन मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. कामात कोणी मध्ये आलं की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी नवऱ्यानं येऊन माझ्या एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि हळूच म्हणाला, "सुषमा, मिलिंद गेला." दुसऱ्या कानात मिलिंद अजून बोलतच होता... मला आधी राग आला तो नवऱ्याचा. तो खोटं बोलतोय असंच वाटलं.

सेक्टर १० च्या क्वार्टरांत आम्ही भिंतीला भिंत लावून वाढलो. दोघांचेही बाबा भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आलेले. पुढे तो आणि त्याची आई जवळच्याच जामुलला राहायला गेले, पण आमचं जमलं ते कायमचं. तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा, मी त्यांचं एडिटिंग करायची, आणि लग्नसराई संपली की आम्ही आमच्या फिल्मा करायचो. सामान म्हणाल तर एक जुना कॅमेरा, एक लेन्स, एक छोटा रेकॉर्डर. कॅमेरा चालता हवा असला की ओळखीच्या एका आजोबांची व्हीलचेअर मागून आणायची. तो त्यात बसायचा, मी ढकलायची, आणि खड्डा आला की शिव्या मी खायची. खिडकीसमोर थर्माकोल धरला की चेहऱ्यावर उजेड पडायचा, आणि दिवा डोळ्यांत खुपू नये म्हणून त्यावर मच्छरदाणीचा तुकडा. तो म्हणायचा, चित्र हललेलं लोक चालवून घेतात, आवाज खराब असला की उठून जातात. म्हणून शॉटच्या आधी पंखा बंद, फ्रिज बंद. भर मे महिन्यात! फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून तो आपल्या स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवायचा. चावीशिवाय जाणार कुठं? ती घ्यायला दार उघडलं की आतला दिवा बंद दिसायचा आणि आठवण व्हायची.

त्याला फिल्म करायची होती आपल्या घरातल्या मराठीत. इथं, हिंदी मुलखात, ती मराठी उंबऱ्याच्या आतच चालते. बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. आणि आमच्या लोकांसाठी कॅमेरा म्हणजे बाहेरचा माणूस. स्वयंपाकघरात भडाभडा बोलणारी त्याची आई, म्हणजे माझ्या शशिकला काकू, मिलिंदनं 'ॲक्शन' म्हटलं की पदर सारखा करून बसायच्या आणि सुरू व्हायच्या, "नमस्कार, मेरा नाम शशिकला है." मी कपाळावर हात मारायची.

"आई, तू हिंदी कावून बोलून राहिली?" मिलिंद विचारायचा.

"मले काय माहीत? ते आपोआपच निघते," काकू म्हणायच्या.

त्यावर त्यानं उपाय काढला. ॲक्शन म्हणायचंच नाही. गप्पा मारता मारता मी गुपचूप रेकॉर्डर सुरू करायची, तो कॅमेरा. चित्र आणि आवाज जुळवायला जी टाळी लागते, ती सुरुवातीला न वाजवता शॉट संपल्यावर वाजवायची. तसं करतात लोक, त्यात नवल नाही. पण त्याचा नियम कडक होता. टाळी वाजत नाही तोवर शॉट चालू आहे, कोणी हलायचं नाही. शिंक आली तरी दाबायची.

काकूंची फिल्म जवळजवळ झाली होती. एकच गोष्ट अडली होती. मिलिंद लहान असताना त्याचे बाबा ड्युटीवर जाता जाता वाटेतच गेले. ती हकीकत काकूंनी ऑफिसात, शेजारीपाजारी, ज्यानं विचारलं त्याला सांगितली, आणि सगळ्यांना हिंदीत. "ड्यूटी जा रहे थे. सायकल से गिरे. बस, वहीं खतम." तेवढीच. मिलिंदनं विचारलं तरी तीच तीन वाक्यं. तो एकदा मला म्हणाला, "माया बाप मराठीत मेलाच नाही, सुषमा." हसत म्हणाला, पण मला ते हसू बघवलं नाही.

मग त्याची किडनी गेली. डायलिसिससाठी डाव्या हाताच्या नसा जोडून घेतल्या होत्या आणि त्या हातानं वजन उचलायचं नव्हतं. कॅमेरा तो डाव्या हातावरच तोलायचा. आम्ही किती भांडलो! शेवटी स्टुलावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा रोवायचं ठरलं. आराम कर, बरा झाला की करू, असं मी सारखं म्हणत होते. बरा होणार नाही हे त्याला माझ्या आधी कळलं होतं.

त्या दिवशी त्यानं बाबांचं काही विचारलंच नाही. त्राणच नव्हतं. काकू भाजी निवडत होत्या, आम्ही गप्प होतो, आणि त्या आपल्याच नादात बोलू लागल्या. "डबा विसरले होते तुये बाबा. मी डबा घेऊन मांगं पळाली. वळणावर सायकल पडून होती, चाक फिरूनच राहिलं होतं. मले वाटलं, डब्यासाठीच थांबले..." पुढे बऱ्याच वेळानं त्या थांबल्या. मी माईक धरून रडत होते, आवाज न करता. टाळी मिलिंदनं वाजवायची होती, पण त्याचे हात वर येईनात. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, भाजी खाली ठेवली आणि स्वतः टाळी वाजवली. मग तो स्टुलाशेजारी कलंडला. मी धावत जाऊन ऑटो आणला. त्या दोघांना बसवलं आणि मी स्कुटीवर मागून निघाले.

ऑटोत त्याची शुद्ध गेली, ती परत आलीच नाही. तो परत येईल आणि "किती झालं?" म्हणून विचारेल, या आशेवर मी रोज एडिटिंगला बसत होते.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यानंतरही भेटायला माणसं येत राहिली. काकू प्रत्येकाला सांगत होत्या, "किडनी खराब थी. ऑटो में बेहोश हुआ. बस, चला गया." पुन्हा तीन वाक्यं. मागल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. काकू उठल्या, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. दार उघडून बघितलं, चावी तिथंच होती, मिलिंदनं ठेवलेली. मी कॅमेरा नेला नव्हता, रेकॉर्डरही नाही. काकूंना ते दिसत होतं.

"ऑटोत मले म्हणे, आई, फ्रिज चालू करून ये," त्या म्हणाल्या. "माया जीव तिकडे चालला होता अन् याले फ्रिज. मी म्हटलं, मरू दे न तो फ्रिज." त्यांनी फ्रिजचं दार लावलं. "तेच शेवटचं बोलली मी लेकराशी, सुषमा. मरू दे."

पंखा बंद होता, दोघी घामानं भिजलो होतो. मागच्या रस्त्यावरून जामुलची बस गेली, परत सगळं शांत झालं. काकू माझ्या हातांकडे बघत होत्या, मी त्यांच्या. टाळी दोघींपैकी कोणीच वाजवली नाही.