इंदूची वाटणी

मी आणि इंदूनं मिळून निवांत केलेलं शेवटचं काम म्हणजे उकडलेल्या शेंगा खाणं. ऑस्ट्रेलियात, समुद्राच्या कडेला, वीस सालच्या फेब्रुवारीत. दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं. वाळू पिठासारखी, पाणी हिरवंनिळं, मागं केवड्यासारखी झाडं. माणूस म्हणावं तर लांब एक म्हातारा त्याच्या कुत्र्यासंगं. आमची लेक सुनीता बाळाला ऊन नको म्हणून गाडीतच बसलेली.

इंदूनं लुगडं वर खोचलं, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "अहो, इथं कुणी हाक मारत न्हाई बघा."

"मी मारू का?"

"मारा की. उठणार न्हाई मी."

आणि हसली. सुनीतानं गाडीतनं तेवढाच फोटो काढला.

गावाकडच्यांनो, तो फोटो तुम्ही ग्रुपवर बघितलाय. "काकी किती सुखात होत्या" असं लिहिलंय, खाली हात जोडलेत. मी चौथी शिकलेला, मला गोड लिहिता येत नाही. खरं ते ऐका. लेकीच्या बाळंतपणाला गेलो, पाच महिने राहिलो. समुद्र जवळच होता, पण इंदूला तो दिसला निघायच्या आदल्या दिवशी.

ती म्हणत होती, आता येरळेकाठी आपल्या घरी जाऊ, चार दिवस नुसतं पडू. पण इकडं आयर्लंडात सतीशची बायको दिवसांत होती. "येता येता इकडं या, आई," म्हणाला पोरगा. येता येता. पृथ्वीच्या त्या टोकावरनं ह्या टोकाला.

ॲडम्सटाउनला सतीशच्या घरी उतरलो आणि पंधरवड्यात करोनानं सगळं बंद झालं. नातू झाला. सतीश वरच्या खोलीत कामाला, सून शेजारच्या खोलीत. खाली इंदू. मूल, भाकरी, भांडी. जिन्यावरनं "आई" आलं की ही उठली. व्हिसा आपोआप वाढत गेला, तशी ती झिजत गेली. जानेवारीत ताप आला. हॉस्पिटलात नेली, मला दारातच थांबवलं. परत आली ती डब्यात. सुनीताला तिकडनं निघता येईना, ती मोबाईलमध्ये रडली.

डबा ह्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवला. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. शेजारी कॉर्नफ्लेक्सचं खोकं.

गेल्या रविवारी टेबलावर मोबाईल उभा केला. सुनीता म्हणाली, "अप्पा, अर्ध्या अस्थी कुरियरनं पाठवा. आईला तो बीच किती आवडला होता. आम्ही तिथं सोडतो."

"अर्ध्या आपण इथल्या समुद्रात सोडू," सतीश म्हणाला. "फेअर आहे ना, अप्पा?"

फेअर. जिवंतपणी वाटून घेतली तेव्हा तिला कुणी विचारलं होतं?

"तिला समुद्र न्हाई आवडला," मी म्हटलं. "तुम्ही कुणी जवळ नव्हता, ते आवडलं."

सुनीतानं मान खाली घातली. सतीश म्हणाला, "तुम्ही दमलाय अप्पा. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून नेहमीसारखी पोर माझ्या हातात देऊन मीटिंगला वर गेली. मी प्रेसमधनं डबा काढला, इंदूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला, माझ्या बॅगेत ठेवला आणि बॅगेला कुलूप घातलं. मग पोराला उचललं, जिना चढलो आणि दार न वाजवता त्याला त्याच्या बापाच्या मांडीवर ठेवलं. पडद्यावरची गोरी माणसं बघत राहिली.

"धर ह्याला," म्हटलं. "आणि माझं तिकीट काढ. येरळेला नेतोय तिला. सगळीच्या सगळी."

सतीशनं कानातला इअरफोन काढला. "अप्पा, आत्ता येरळा कोरडी असणार. कशात सोडणार?"

"पाणी येईस्तवर घरी राहील," मी म्हणालो, आणि खाली आलो.