चौकातला वाफेचा रोलर

पत्रक मीच लिहिलं होतं. ‘वाफेचा रोलर भंगारात जाऊ देणार नाही!!!’ तासगावच्या वाटेवर एका सरकारी आवारात तो रोलर माझ्या जन्माआधीपासून उभा होता, घाणेरीच्या झुडपांत निम्मा बुडालेला. तरुणपणी माझे वडील त्याच्यावर आगवाले होते. भट्टीत कोळसा टाकायचा, पाणी बघायचं, वाफेचा दाब धरायचा. भंगारवाल्याचा ट्रक येणार असं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बॉयलर धड हाय अजून. एकदा पेटवाय पायजे हुता.”

त्यांनी घरात कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी कामाला लागलो. कुपवाडचा एक बॉयलर मिस्त्री आणला. नळ्या बदला, तपासणी करून घ्या, चालेल, असं तो म्हणाला.

पत्रकाच्या खाली मी उपोषणाची तारीख टाकली आणि मागं इतिहास छापला. एके काळी रस्त्यावर वाफेच्या मोटारी धावत होत्या, पेट्रोलवाल्यांपेक्षा कमी आवाजात. मग संपल्या कशानं? पाणी तापेपर्यंत थांबावं लागायचं, वाटेत परत पाणी भरावं लागायचं. पेट्रोलची मोटार स्वस्त झाली, बटणावर सुरू व्हायला लागली, आणि थांबायला कोण तयार होतं? रोलर तेवढा उरला, कारण खडी दाबायच्या कामाला घाई नव्हती.

चहाच्या गाड्यावर एकानं पत्रक वाचून मला परत दिलं. “गड्या, हितं खड्डं बुजवाय रोलर येईना, आन् तू जुन्यापायी उपाशी बसतुयास व्हय रं?”

त्याचं खरं होतं. तरी उपोषणाला बसलो. आणि जिंकलो; रोलर भंगारात न देता चौकात ठेवायचं ठरलं.

रोलर चौकात आला. उद्घाटनाला वडिलांना घेऊन गेलो. त्याला चंदेरी रंग फासला होता, भोवती कारंजं, वर नेत्यांचा फलक. भट्टीचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद केलं होतं.

काम करून घेणाऱ्या सरकारी साहेबांना मी गाठलं. “भट्टी का बंद केली?”

“आवं, पोरंबिरं आत शिरली म्हंजे? भंगारात तर गेला न्हाई ना? तुमचीच मागणी. पेढा घ्या.”

ओरडणं हेच माझं काम. घोषणा तोंडात तयारच असतात. तरी हात पुढं केला. पेढा घेतला. खाल्लासुद्धा.

वडील भट्टीच्या दारापाशी वाकले होते. नखानं रंग खरवडून त्यांनी जोड बघितला. “काम चांगलं केलंय. कापल्याबिगर निघायचं न्हाई.”

“कापायला लावू. नवं पत्रक काढतो.”

“ऱ्हाऊ दे. आतल्या नळ्याबी काढून नेल्यात. पिंप हाय आता निस्तं.”

बोटाला लागलेला चंदेरी रंग त्यांनी धोतराला पुसला आणि स्टँडकडं चालू लागले. माईकवर माझं अभिनंदन चाललं होतं, मला मंचावर बोलावत होते. मी वडिलांच्या मागं चालत राहिलो. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. ते बसले आणि डोळे मिटले.