कागदातला घास

जालना एमआयडीसीत दिवसपाळी सुरू होण्याआधी, लोखंडी सळयांच्या मिलकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी राजानंदचा गाडा लागलेला असतो. तव्यावर लोणी सोडून बन भाजायचा, त्यात हिरवी मिरची घातलेले आम्लेट, चीजचा एक चौकोन, कांदा, वरून सॉस, आणि सगळे कागदात घट्ट गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. याला तिथे अंडा बर्गर म्हणतात. दुपारनंतर आम्लेटच्या जागी बटाट्याची टिक्की येते. रात्रपाळी संपवून बाहेर पडणारे आणि आत जाणारे, दोघेही इथे थांबतात. मोटारसायकलवरून न उतरता खाणारेही पुष्कळ.

भागवत त्यांच्यापैकी एक. भोकरदन तालुक्यात केदारखेड्याच्या पुढे त्याचे गाव. घरची शेती चुलते कारभारी तात्या पाहतात, बायको मीना आणि मुले गावीच असतात. हा आठवडाभर जालन्यात खोली करून राहतो आणि सुट्टीला गावी जातो. तापलेली सळई चिमट्यात धरून पुढच्या रोलमध्ये सारायची, हे त्याचे काम. त्या कामाने त्याच्या भुवयांचे केस कायमचे विरळ झाले आहेत. माणूस सरळ, अबोल, कोणाच्या अध्यातमध्यात न पडणारा. गावात त्याला भला माणूस म्हणतात, आणि हे म्हणणे चुकीचे नाही.

मीना सुट्टीच्या शेवटी त्याला भाकरी बांधून देते. ती पहिल्या दिवशी संपते. नंतर तो राजानंदच्या गाड्यावर असतो. चव हे त्याचे एक कारण आहे. लोणी, मीठ आणि गरम पाव यांचा मोह नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरेही एक कारण आहे, आणि ते भागवतने स्वतःशी कधी उच्चारलेले नाही. भाकरी खायला बसावे लागते. डबा उघडला की शेजारचा डब्यात पाहतो. भाजी कोणती, लोणचे कुठले हे विचारतो, आणि त्या विचारण्यामागून गाव, गल्ली, आडनाव असे सगळे हळूहळू येते. बर्गरला कोणी काही विचारत नाही. तो उभ्याने खायचा, कागद फेकायचा, हात पँटला पुसायचा. तो कोणाच्याच घरचा नसतो.

वस्तुतः तो राजानंदच्या घरचा होता, आणि राजानंद भागवतच्याच गावचा, तिथल्या बौद्ध वस्तीतला. दोघे शाळेत एका वर्गात होते. पुढे राजानंदही बायकोसह जालन्यात आला, त्याने गाडा टाकला. जालन्यात भागवत त्याला राजाभाऊ म्हणतो, तो याला भागवतभाऊ. गावात मात्र, कोणीही न ठरवता, एकाचा राजानंद होतो आणि दुसऱ्याचा पाटील.

“राजाभाऊ, जल्दी कर, भोंगा होऊन राह्यला,” भागवत रोज म्हणायचा.

“भोंग्याला घाई आसंल, आम्लेटला न्हाई. उभा राह्य गुमान.”

रांगेतला सूरज, हा भागवतच्याच रोलवर काम करणारा, मागून बोलायचा, “भागवतभाऊला सासुरवाडीत बी बर्गरच लागत आसंल.”

“सासुरवाडीत भेटला आस्ता, तर मी हितं कशाला मरायला आलो आस्तो?”

सुट्टीला जाताना भागवत टिक्कीचे बर्गर बांधून न्यायचा. गावी पोचेपर्यंत ते गार आणि मऊ झालेले असत, तरी मुले उंबऱ्यावरच कागद फाडत. एकदा कारभारी तात्यांनीही एक खाल्ला, ओठाला लागलेला सॉस बोटाने पुसला आणि विचारले, “आजून हाय का रे एखांदा?” हात कोणाचा हे तात्यांना माहीत होते, मीनाला होते, साऱ्या घराला होते. कोणी बोलले नाही. वस्तू जालन्याहून आली होती, कागदात आली होती. भागवतच्या मनात तेव्हा एक समज बसला, की कागदात गुंडाळले की सगळे निभावते.

यंदा राजानंदने गावात पक्के घर बांधले. गृहप्रवेशाचे निमंत्रण त्याने भागवतला गाड्यावरच दिले, आम्लेट उलटता उलटता.

“इतवारी यायचं. वंदना झाली की जेवण.”

“येतो की. बिलकुल येतो.”

“नीट ऐक. तात्या येतील, खुर्चीवर बसतील, बाटलीचं पाणी पिऊन जातील. त्याह्यचं मला काही न्हाई, त्याह्यचं वय झालं. पण तू ताटावर बस. पंगतीत. एक तरी माणूस तिकडचा बसला पाह्यजे माझ्या घरात.”

“बसतो म्हणलं ना.”

“बस मंग,” राजानंद म्हणाला आणि त्या दिवशी त्याने भागवतच्या बर्गरमध्ये न विचारता चीजचा दुसरा चौकोन घातला.

राजानंद ज्याविषयी बोलत होता ती रीत त्या गावात आता जुन्या रूपात उरलेली नाही. पूर्वी वस्तीतल्या लग्नाला जाणारे गावातले लोक न जेवता नुसती सुपारी घेऊन उठत. आता यजमानच त्यांच्यासाठी बाटलीबंद पाणी आणि बिस्किटांचे पुडे आणून ठेवतो. पाहुणे येतात, हसून बोलतात, अहेर करतात, सील तोडून पाणी पितात आणि जातात. कोणाचा अपमान केला असे कोणालाच वाटत नाही. कारखान्यात भरलेल्या बाटलीने आणि पुड्याने जुन्या रीतीला असा नवा निवारा दिला आहे.

शनिवारी रात्री जेवताना तात्या म्हणाले, “उद्या राजानंदकडं जायचंय. घडीभर बसू, येऊ.”

“त्यानं जेवायला सांगितलंय,” भागवत म्हणाला.

“सांगणारच. सांगू ने का त्यानं?” तात्यांनी ताकाचा पेला उचलला. त्यांनी मनाई केली नाही, धाक घातला नाही, कारणही दिले नाही. कारण द्यावे लागत नाही, यातच त्या रीतीची ताकद होती.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, पंचशील झाले. मांडवात पंगत बसली. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, खीर. वस्तीतल्या पोरांनी हट्ट धरला म्हणून राजानंदने जालन्याहून बन आणि टिक्क्यांचे सामानही आणले होते, त्यासाठी अंगणात एका बाजूला तवा ठेवला होता. तात्या आणि बरोबरची माणसे दारालगतच्या खुर्च्यांवर बसली होती. भागवतही तिथेच, कडेच्या खुर्चीवर, हातात न फोडलेली बाटली घेऊन.

राजानंद स्वतः आला. “चला पाटील. ताट वाढलंय.”

पंगतीत, भिंतीच्या बाजूला, एक ताट माणसावाचून वाढलेले होते. खिरीवर प्रभावतीने, राजानंदच्या बायकोने, वाटी पालथी घातली होती, माशी बसू नये म्हणून.

भागवत उठला. त्याला राजानंदला दुखवायचे नव्हते. त्याला तात्यांच्या समोरून त्या ताटापर्यंत चालतही जाता येत नव्हते. मांडवाखाली उभा असताना त्याला तव्याचा वास आला आणि एकदम उपाय सुचला. तो उपाय त्याला फार आपलेपणाचा वाटला. तो राजानंदच्या खांद्याला हात लावून, गाड्यावर बोलायचा त्याच आवाजात म्हणाला,

“राजाभाऊ, पंगत राहू दे. आपला रोजचा एक दे ना. कागदात.”

राजानंदने त्याच्याकडे पाहिले.

प्रभावती वाढायचे पातेले घेऊन जवळच उभी होती. ती म्हणाली, “टिक्क्या मीच करते, भाऊ. गाड्यावरच्या बी मीच करते. बटाटे ह्याच हातानं कुस्करते.”

“तसं न्हाई, वहिनी...”

“मंग कसं?”

राजानंद तव्याकडे गेला. त्याने बन कापला, लोणी सोडले, टिक्की ठेवली, कांदा घातला, जसा भागवतला आवडतो तसा जास्त. कागदात घट्ट गुंडाळला, टोके आत दुमडली आणि आणून त्याच्या हातात दिला. घराच्या पहिल्या दिवशी, वाढलेले ताट समोर असताना, यजमानाने आपल्या मित्राला गिऱ्हाइकासारखे खायला दिले. ते मित्रानेच मागितले होते.

भागवत फाटकाजवळ उभा राहून खाऊ लागला. खुर्चीवरच्या एकाने भुवई उंचावली, तेव्हा तात्यांनी पुतण्याची बाजू घेतली.

“खाऊ द्या त्याला. ते जालन्याचं खाणं हाय, त्याला काही न्हाई होत.”

भागवतच्या तोंडातला घास तिथेच थांबला. राजानंदच्या शांतपणाने किंवा प्रभावतीच्या प्रश्नाने जे झाले नव्हते, ते तात्यांच्या या माफीने झाले. आपण नेमके काय मागितले हे त्याला त्या वाक्यात ऐकू आले. इतके दिवस, रोज सकाळी, आपण काय खात होतो आणि कोणत्या अटीवर, हेही. घास गिळता येईना, थुंकताही येईना. त्याने बाटलीचे सील तोडले आणि पाण्याबरोबर तो खाली ढकलला.

मांडवात प्रभावती त्या वाढलेल्या ताटापाशी बसली, खिरीवरची वाटी बाजूला केली आणि स्वतः जेवू लागली.

सोमवारी सकाळी भागवत गाड्यावर उशिरा गेला, गर्दी ओसरल्यावर. राजानंदने रोजच्यासारखेच विचारले, “कांदा जादा ना?” आवाजात राग नव्हता. राग असता तर भागवतला काही बोलता आले असते.

“राजाभाऊ, आज कागदात नको. ताटलीत दे.”

राजानंदने तव्यावर अंडे फोडले. “गाड्यावर ताटं न्हाईत,” तो म्हणाला. “ताटं घरी हैत.”

“मंग येऊ का एखांद्या दिवशी?”

“घर हाय तिथंच.” त्याने बन उलटा केला. “तात्याला इचारून ये.”

भागवतने मान खाली घातली आणि कागद हातात घेतला. चव तीच होती. आम्लेट तितकेच गरम, कांदा तितकाच कुरकुरीत. ती चव जराही बिघडली असती तर त्याला बरे वाटले असते.

आता तो सुट्टीला बर्गर नेत नाही. मुले पिशवी तपासतात, मीना विचारते, “बंद झाला का गाडा?” तो म्हणतो, संपले होते. राजानंदच्या नव्या घरावरून जाताना तो मोटारसायकल जोरात काढतो. तात्यांना त्याने अजून विचारलेले नाही. न विचारता जाण्याचे धाडसही त्याने अजून केलेले नाही. सकाळी मात्र भोंग्याच्या आधी तो गाड्यापुढे येऊन उभा राहतो. पूर्वीसारखी घाई करत नाही, जल्दी म्हणत नाही. तव्यावर लोणी वितळते, वास सुटतो, आणि राजानंद वर न पाहता गुंडाळी पुढे करतो तेव्हा त्याचा हात पुढे होतोच.